कुठून मोजलं?

आमच्या सरांना कुणी काहीही सांगितलं तरी त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, “कुठून?”

“सर, बस स्टँड लांब आहे.” “कुठून?” “सर, दिनकरची उंची वाढली.” “कुठून मोजली? चपलेसकट का चपलेशिवाय?” एकदा प्राचार्यांनी भर बैठकीत सांगितलं, की आपलं महाविद्यालय फार पुढे गेलं आहे. मागच्या खुर्चीवरून सर म्हणाले, “कुठून?” सगळे हसले, प्राचार्य हसले नाहीत. त्या उन्हाळ्यात सरांच्या खोलीतला पंखा काही दुरुस्त झाला नाही.

भूजल हा सरांचा विषय, म्हणजे जमिनीच्या पोटातलं पाणी. जालन्याच्या एका महाविद्यालयात ते बी.एस्सी.च्या मुलांना भूगर्भशास्त्र शिकवत. जिल्हा होऊन तेव्हा चारदोन वर्षंच झाली होती. आमच्या वर्गात जाफराबादपासून शहागडपर्यंतची पोरं होती, आणि निम्म्यांनी हा विषय घेतला होता तो दुसरीकडे जागा उरली नव्हती म्हणून. मी त्या निम्म्यांतलीच.

सर बुटके, सावळे. शर्टाच्या बाह्या कायम कोपरापर्यंत चढवलेल्या आणि पँटीचे दोन्ही खिसे खडूनं पांढरे. नव्या माणसाला वाटे, काय शिकवत असतील हे गृहस्थ! प्रत्यक्षात त्यांनी फळ्यावर लिहिलेलं मला फारसं आठवत नाही. त्यांना खडू लागे तो विहिरीसाठी. पोलादी टेपाच्या खालच्या टोकाला खडू फासायचा, टेप विहिरीत सोडायचा, वर ओढायचा आणि बघायचं, खडू कुठवर भिजलाय. त्यावरून पाणी किती खोल आहे ते कळतं. हे त्यांनी आम्हाला वर्गात सांगितलं नाही. पहिल्याच तासाला महाविद्यालयाच्या मागच्या आडावर नेलं, टेप माझ्या हातात दिला आणि स्वतः लिंबाखाली जाऊन बसले.

“सर, कसं करायचं?”

“मला काय माहीत? टेप तुझ्या हातात हाये.”

आम्हाला वाटलं, माणूस अंगचोर आहे. पुढे कळलं की हीच त्यांची शिकवायची रीत. काहीही विचारलं की म्हणायचे, “मला माहीत न्हाई. चल, बघू.” आणि खरोखरच चालायला लागायचे. दगड कुठला, मुरूम किती खोल, अमक्याची विहीर आटली आणि शेजारच्याची का नाही, सगळ्याला एकच उत्तर. दोन वर्षांत आमच्या चपला झिजल्या, पण विषय पायांतून डोक्यात गेला.

बी.एस्सी.च्या पोरांनी संशोधन करावं, ही त्यांची कल्पना तर इतर प्राध्यापकांना वेडेपणाची वाटे. मिसरूड फुटलं नाही आणि म्हणे संशोधन! सर म्हणायचे, “पोहायचं तर पाण्यात पडावं लागतं. काठावर बसून डिग्री घेतलेले मी लई बघितले.” पोरं विहीर मोजत असताना ते कधी शेजारी उभे राहात नसत. लांब बांधावर बसून शेंगा खात. का, म्हणून विचारलं तर सांगायचे, “मी तिथं उभा राह्यलो तर तुम्ही टेपाकडं न्हाई, माझ्या तोंडाकडं बघताल.” अहवालावर नाव पोराचं, तेही मोठ्या अक्षरात. मार्गदर्शक म्हणून त्यांचं नाव खाली, कोपऱ्यात, शोधावं लागेल असं.

मुलीनं पोरांबरोबर रानोमाळ विहिरी मोजत हिंडायचं, हे माझ्या वडिलांना मुळीच मान्य नव्हतं. ते जाफराबादला प्राथमिक शिक्षक, स्वभावानं कडक. सर एका रविवारी आमच्या घरी आले. वडिलांनी मनात प्रश्नांची मोठी यादी करून ठेवली असणार: कोण बरोबर असतं, अंधार पडायच्या आत पोरगी घरी येणार का, वगैरे. सर ओट्यावर टेकले, पाणी प्याले, दोन घोट तोंडात घोळवले आणि स्वयंपाकघराच्या दिशेनं विचारलं, “वहिनी, डाळ शिजते का?”

जड पाण्यात तूर शिजत नाही, त्यामुळे ज्या गावात जातील तिथे त्यांचा हा पहिला प्रश्न. आईला बिचारीला वाटलं, पाहुणा भुकेला आहे. तिनं चूल पेटवली. मग जेवण होईपर्यंत सर थांबले, डाळ बोटांनी दाबून बघितली, आमच्या आडाच्या पाण्याबद्दल आईशी तासभर बोलले आणि बसची वेळ झाली म्हणून निघाले. माझा विषय राहूनच गेला. वडील म्हणाले, “हा माणूस पाण्याशिवाय दुसरं काई बघत न्हाई. जा तू.”

अशी मी विहिरींवर जायला लागले. वैशाखात एकदा आणि दिवाळीच्या सुट्टीत एकदा, दरवर्षी त्याच विहिरी. पहिल्या एस.टी.नं निघायचं, कारण विहिरींवरच्या मोटारी सुरू व्हायच्या आत मोजलं तरच पाण्याची खरी पातळी मिळते. प्रत्येक विहिरीच्या कठड्यावर सरांनी तांबड्या ऑइलपेंटनं एक आडवी रेघ काढलेली होती. मोजायचं ते त्याच रेघेपासून. आज एकानं या कोपऱ्यावरून मोजलं आणि पुढच्या वर्षी दुसऱ्यानं त्या कोपऱ्यावरून, तर सगळाच घोटाळा. गावकऱ्यांना सरांनी बजावून ठेवलं होतं, “एवढी रेघ पुसू देऊ नका.” लोकांनी ते मनावर घेतलं होतं. तिला ते ‘सरांचा टिळा’ म्हणत. दिवाळीत गेलो की त्यावर हळदकुंकू दिसायचं.

दिनकर शहागडचा, माझ्या वर्गातला. तो टेप सोडायचा आणि मी आकडा वाचायचे.

खूप वर्षांनी सरांना विद्यापीठाचा उत्तम शिक्षक म्हणून पुरस्कार मिळाला, बी.एस्सी.च्या मुलांना संशोधनाला लावल्याबद्दल. आम्ही जुनी पोरं केस पिकवून जमलो होतो. निवेदिकेनं मोठ्या गोड आवाजात “डॉक्टर” म्हणून त्यांचं नाव पुकारलं. सर व्यासपीठाच्या पायरीवर थांबले आणि म्हणाले, “बाई, मी डॉक्टर न्हाई. तेवढं दुरुस्त करा, मंग येतो.” तिनं दुरुस्त केलं, मग ते वर चढले. भाषण असं केलंच नाही. म्हणाले, “विहिरी पोरांनी मोजल्या. मी शेंगा खाल्ल्या.” माझ्या शेजारी बसलेल्या एका तरुण प्राध्यापकानं मला विचारलं, की इतकं काम असून यांनी पीएच.डी. कशी केली नाही? मी म्हटलं, केली होती. तो गोंधळला. ती गोष्ट खुर्चीत बसून कुजबुजत सांगण्यासारखी नव्हती.

सर आष्टीच्या बाजूच्या एका खेड्यातले. आईवडील मजुरीवर जाणारे. छप्पन सालानंतर घरात बुद्धाची तसबीर आली, शाळा आली आणि सर शिकले, बौद्धवाड्यातले पहिले पदवीधर. एकदा बांधावर बसून शेंगा सोलता सोलता मला म्हणाले, “लहानपणी गावच्या विहिरीवर आम्हाला चढायची परवानगी न्हवती. आई घागर घेऊन खाली उभी राहायची, कोणी ओतलं तर ओतलं. आत पाणी किती हाये, ते मला कधी दिसलंच न्हाई.” एवढंच बोलले आणि लगेच दिनकरवर ओरडले, की टेप वाकडा जातोय. त्या विषयावर त्यांचं तेवढं एकच बोलणं मी ऐकलं.

पीएच.डी.साठी त्यांनी नाव घातलं तेव्हा त्यांच्या आईनं गावभर सांगितलं, “माझा लेक डॉक्टर होऊन राह्यला.” परिणाम असा झाला, की सर सुट्टीत घरी गेले की लोक तापानं फणफणलेली पोरं घेऊन दारात. सर त्यांना समजावून थकले. शेवटी क्रोसिनच्या गोळ्या जवळ ठेवायला लागले.

माझं शेवटचं वर्ष होतं तेव्हा तो प्रबंध पुरा झाला होता. टंकलिखित, काळ्या रेक्झिनमध्ये बांधलेला, सरांच्या टेबलावर वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेला. आम्ही कुणी नसताना उघडून बघायचो. इतक्या वर्षांच्या मोजमापांवरून सरांनी दाखवलं होतं, की या पट्ट्यात जमिनीखालचं पाणी वर्षावर्षानं खाली चाललं आहे. मोजमापं आमच्यासारख्या पोरांनीच केलेली, एकामागून एक तुकड्यांनी. औरंगाबादच्या त्यांच्या मार्गदर्शकांनी मसुदा वाचून होकार दिला होता. आता फक्त विद्यापीठात दाखल करायचा राहिला होता. त्यावर त्यांची बढती अडली होती आणि गावी आईचा जीव अडकला होता.

त्याच वर्षी विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या संशोधनाचा मेळावा होता आणि सरांनी माझं नाव दिलं होतं. माझा विषय जाफराबादकडचा एक पाझर तलाव. असा तलाव पाणी साठवतो ते झिरपायला, त्यानं खालच्या अंगाच्या विहिरींना पाणी वाढतं. आधीच्या तुकड्यांच्या आकड्यांशी ताडलं तर माझ्या विहिरींचं पाणी वाढलंच होतं, फक्त एक विहीर सोडून. ती तलावाच्या अगदी पायथ्याशी, आणि तिचं पाणी उलट खाली गेलेलं. मी पुन्हा पुन्हा मांडून बघितलं. वाचण्यात चूक नव्हती. सरांना विचारलं. अर्थात म्हणाले, “मला माहीत न्हाई. चल, बघू.”

विहीर किसनआबांची. साठीचे, बोलके गृहस्थ, आम्ही दिसलो की आधी चहाला आधण ठेवायला सांगणारे. विहीर छान दिसत होती. नवा चुना मारलेला, कठडा चांगला छातीला लागेल इतका उंच, आणि त्यावर टिळा. सर आज बांधावर बसले नाहीत. कठड्यापाशी गेले, हात फिरवला आणि विचारलं, “आबा, हा कठडा कधी वाढवला?”

“वासरू पडल्तं ना आत, मंग वाढवून घेतला. पोरीच्या लग्नात चुनाबी मारला.”

“आन् हा टिळा?”

“तुमचाच की!” आबा खुलले. “गवंड्याला मी आधीच बजावलं, सरांच्या टिळ्याला धक्का लागला न्हाई पाहिजे. तो म्हणला, प्लास्टरच्या खाली चाल्ला. मंग मी स्वतः जाफराबादला गेल्तो, तांबडा रंग आणला, आन् होता तस्सा वर काढून घेतला. बराबर हाये ना?”

सरांनी खिशातली चावी काढून खालच्या बाजूचं प्लास्टर थोडं खरवडलं. आमच्याकडे त्यांची पाठ होती. प्लास्टरच्या आत, बरंच खाली, जुन्या रेघेचा तांबडा रंग निघाला. त्या विहिरीचं पाणी खाली गेलेलंच नव्हतं. आमची रेघ वर गेली होती. दर दोन-तीन वर्षांनी मोजणारी पोरं नवी, त्यांना जुना कठडा कुठून माहीत असणार? रेघ दिसली, तिथून मोजलं.

सर वळले. मला वाटलं आता आबांवर भडकणार. ते म्हणाले, “बराबर हाये आबा. रेघ एकदम सरळ आलीया. पाणी देता का जरा?” आणि थारोळ्याच्या दगडी काठावर बसून तांब्याभर पाणी एका दमात प्याले. हे पाणी त्यांनी तोंडात घोळवून बघितलं नाही.

परतीच्या बसमध्ये ते खिडकीबाहेर बघत होते. बरंच अंतर गेल्यावर मला म्हणाले, “एक विहीर अशी निघाली, तर बाकीच्यांचं काय?” प्रबंधातल्या सगळ्या विहिरींना तोच टिळा होता, हे मला तेव्हा लख्ख कळलं.

पुढच्या सुट्ट्यांत सर, दिनकर आणि मी, आम्ही तिघांनी जमतील तितक्या विहिरी खरवडल्या. कुणाचं वासरू पडलं होतं, कुणी नातवंडं रांगायला लागली म्हणून कठडा चढवला होता, कुणी नुसता शेजाऱ्यानं चढवला म्हणून. आणि बहुतेकांनी सरांचा टिळा इमानानं वर नेला होता. कठडा कधी वाढवला, असं विचारलं की उत्तर यायचं, थोरलीच्या लग्नात. एकाच घरात नवरा म्हणे थोरलीच्या, बायको म्हणे धाकटीच्या. दिनकरनं सुचवलं, लग्नांची सालं काढू आणि मागचे आकडे दुरुस्त करू. सर हसले. “लग्नपत्रिका जोडून प्रबंध देता येत न्हाई रे.”

जमिनीखालचं पाणी थोडंफार खाली गेलंही असेल. पण किती पाणी उतरलं आणि किती कठडे चढले, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं.

मेळाव्याच्या आदल्या आठवड्यात मी आणि दिनकर सरांच्या खोलीत गेलो. मीच बोलले. म्हटलं, “सर, मी विषय बदलते. खडकांवर बोलते. पाझर तलाव नको, टिळा नको.” मेळाव्याचे अध्यक्ष सरांचे मार्गदर्शकच होते. मी हे तिथे मांडलं की प्रबंध तिथल्या तिथे संपला, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. आम्ही तिघं गप्प बसलो असतो तर जगात कुणाला पत्ता लागला नसता.

सर म्हणाले, “तुझा विषय आता टिळाच हाये. तूच सापडवला.”

“पण सर, तुमची इतकी वर्षं…”

“मला वाईट वाटून राह्यलं,” ते म्हणाले. “लई वाईट वाटून राह्यलं. रात्री झोप न्हाई. पण त्याचा टेपाशी काई संबंध न्हाई.”

मला रडू फुटलं. मला त्यांचा रागही आला, खरं सांगते. माणसानं इतकं सरळ असू नये असं वाटलं. त्यांनी मला रडू दिलं, मग विचारलं, “तक्ते किती झाले?”

मेळाव्याआधी ते गावी जाऊन आले. आईला त्यांनी सांगितलं, की डॉक्टर होणं राहिलं. तिनं विचारलं, नोकरी गेली का? म्हणाले, न्हाई. “मंग जेव,” म्हणाली. हे त्यांनीच आम्हाला सांगितलं, औरंगाबादला जाताना, बदनापूरच्या पुढे कुठेतरी. सांगताना हसत होते, पण डोळे पुसण्यासाठी रुमाल काढला होता आणि त्याला खडू लागलेला असल्यामुळे सगळं तोंड पांढरं झालं.

पुढे सरांनी सगळं नव्यानं सुरू केलं. कठडा सोडून आतल्या बांधीव दगडावर छिन्नीनं खूण केली आणि ती जमिनीपासून किती खाली, हे प्रत्येक पोराकडून दरवर्षी मोजून घेतलं. त्या मोजमापांवर त्यांच्या तीन विद्यार्थ्यांना पीएच.डी. मिळाली, त्यांतली एक मी. त्यांनी स्वतः पुन्हा नाव घातलं नाही. विचारलं की म्हणायचे, आता मोजणाऱ्यांचं चाललंय ते चालू द्या.

तर तो मेळावा. सभागृह भरलेलं. पहिल्या रांगेत मध्यभागी सरांचे मार्गदर्शक, मोठा दबदबा असलेले गृहस्थ. सर शेवटच्या रांगेत, दाराजवळ. दिनकर तक्ते धरायला. मी किसनआबांचा टिळा सांगितला तेव्हा मोठा हशा पिकला. मग मी सांगितलं, की असे कितीतरी टिळे वर गेले आहेत, त्यामुळे त्या विहिरींचं पाणी वर्षानुवर्षं किती उतरलं, हे या मोजमापांवरून म्हणता येत नाही. पहिल्या रांगेतला हशा आधी थांबला.

“या विहिरींवरचा प्रबंध मी वाचला आहे,” मार्गदर्शक म्हणाले. मग मान वळवून त्यांनी मागे बघितलं. “बी.एस्सी.च्या पोरांकडून मोजून घेतलं की हेच व्हायचं. मी तुम्हाला तेव्हाच बजावलं होतं.”

सगळं सभागृह मागे वळलं. सर उभे राहिले. बाह्या नेहमीसारख्या वर चढवलेल्या.

“पोरांनी टेप बराबर वाचला, सर,” ते म्हणाले. “एकाही पोरानं चुकीचा वाचला न्हाई. रेघ जमिनीपासून किती वर हाये, ते दरवर्षी मोजून घ्यायचं काम माझं होतं. ते मी केलं न्हाई. आणि चूक पकडली ती बी.एस्सी.च्याच पोरीनं.”

“मग प्रबंधाचं काय?”

“मागं घेतला.”

मार्गदर्शकांनी चष्मा काढला आणि ते आणखी काहीतरी विचारणार, तेवढ्यात सरांनी हात वर केला.

“माझं नंतर बघू, सर. तिचा वेळ चालू हाये. तिला बोलू द्या.”